जगतापकाकांच्या गाडीचे टवके

आमच्या बिल्डिंगमधले जगतापकाका गाडीला फुंकर घालतात. पोराचा गुडघा फुटल्यावर घालतात तशी. वर विचारतात, "लय झोंबतंय काय गं?"

नेरूळच्या आमच्या सोसायटीत माझी खिडकी तळमजल्यावर, पार्किंगच्या समोरच. त्यामुळे मला सगळं दिसतं. गाडी लाल. बॉनेटवर खडी लागून रंगाचे टवके उडालेत. काका टवका साबणाच्या पाण्याने पुसतात, पॉलिश पेपर ओला करून हलकेच फिरवतात, मग टूथपिकच्या टोकावर रंगाचा थेंब घेऊन त्या खड्ड्यात सोडतात. "पसरायचं न्हाय, ठेवायचं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. वरच्या मजल्यावरची सून घाईघाईत कुंकू लावत जिना उतरली, तर तिलाही तेच सांगितलं. रंग वाळेपर्यंत कबुतरांना दम देत उभे राहतात, "घाण करायची आसंल तर सीवूड्सला जावा!"

त्यांची बायको, मंगलकाकू, याच गाडीत गेल्या. साताऱ्याहून येताना पुढच्या सीटवर त्यांचा डोळा लागला असं काकांना वाटलं. नेरूळ येईपर्यंत ते त्यांच्याशी बोलत होते.

तेव्हापासून गाडी जागची हललेली नाही. बॅटरी उतरली, चाकं बसली. खारघरला राहणारा मुलगा विजय गाडी विकायच्या मागे लागलाय. काका त्याला म्हणतात, "टवके भरू दे. मग ने."

पण टवके संपतच नाहीत. एक भरला की चार-दोन दिवसांत शेजारी दुसरा. कव्हर घातलेल्या बंद गाडीला खडी लागते कुठून? वॉचमन म्हणाला, "भाभी, ये गाडी जाके आती है." मी हसले. पण तेव्हापासून खिडकीचा पडदा ओढून घ्यायला लागले.

एका दुपारी पडद्याच्या फटीतून पाहिलं. काकांनी कव्हर वर केलं, खिशातून खडा काढला आणि बॉनेटवर टक्कन मारला. लगेच तिथे हात फिरवला. "झालं, झालं. एवढंच."

मला वाटलं, चला, भुताटकी संपली.

रविवारी विजय गिऱ्हाईक घेऊन आला. बॉनेट बघून भडकला. "आबा, उभ्या गाडीला टवके कसे पडतात? लोक येडं समजतात आपल्याला! ते काय नाय, आज गाडी जाणार."

काका टूथपिकने नवा टवका भरत राहिले.

विजय माझ्या खिडकीकडे वळला. "काकू, तुम्ही इथंच असता ना? सांगा, ही गाडी कधी हलते तरी का?"

मी परक्या माणसांसमोर बोलत नाही. तोंडून कसं निघालं कोण जाणे, "हलते. मी बघितलीय जाताना."

गिऱ्हाईकाने गाडीवरचा हात काढून घेतला. बसलेल्या चाकांकडे बघितलं. "भाऊ, आपण नंतर बोलू," म्हणत तो गेटकडे चालायला लागला. विजय त्याच्यामागे धावला.

आता काका हसतील असं मला वाटलं. ते खिडकीच्या गजांपाशी आले. चेहरा पांढराफटक.

"ताई, खडं मीच मारतो. पर समदं माझं न्हाईत वो."

माझ्या अंगावर काटा आला.

"खरंच बघितलीसा? मंगल पुढं बसली हुती?"

मी मानेनेच हो म्हटलं.

काकांनी गाडीकडे वळून बघितलं. मग हळूच म्हणाले, "काच वर हुती न्हवं? वारं सोसत न्हाय तिला."