फाटकावर वाजलेले बाबा

अणुवीज केंद्राच्या फाटकावर बाबा आले तेच तावातावाने. उभा जन्म कोळशाच्या वीजकेंद्रात बॉयलर सांभाळण्यात गेलेला. मुलगी इथे कंट्रोल रूममध्ये लागली, तेव्हापासून अकरा वर्षं तिच्या घराची पायरी ते चढले नव्हते. नोकरीतून माणूस निवृत्त होतो, हट्टातून नाही. आजही केंद्र बघून संध्याकाळच्या गाडीने परत, या अटीवर आले होते. एकदा आत येऊन बघितलं की बाबा निवळतील आणि घरी राहतील, एवढीच मुलीची आशा.

"धूर कुठाय तुमचा?" बाबांनी मान वर करून विचारलं.

"धूर नाहीच, बाबा. इथे काही जळतच नाही. म्हणून तर बांधलंय."

"धुराशिवाय वीज! चुलीशिवाय स्वयंपाक म्हण की!" आणि बाबांना खोकल्याची उबळ आली. ती चाळीस वर्षांच्या कोळशाची होती, पण तसं बोलायची घरात कुणाची टाप नव्हती.

बाबांनी किरणोत्सर्ग तपासणाऱ्या कमानीत पाऊल टाकलं मात्र, कमान ठणाणा करू लागली.

"बघ! सांगत नव्हतो?" बाबांना आनंद लपवता येईना. "अजून आत गेलो नाही तर ही गत! सगळं गळतंय इथं!"

सुरक्षा अधिकारी बाई धावत आल्या. मुलगी कमानीतून गेली, कमान गप्प. पहारेकरी गेला, गप्प. बाबा गेले की पुन्हा बोंब.

"काका, इतक्यात दवाखान्यात गेला होतात?"

"कालच. हृदयाचे फोटो काढले. आधी दंडात कसलंसं औषध टोचलं."

"मग त्या औषधाचेच किरण हे. थोडेच असतात, घाबरू नका. पण बाहेरून किरण घेऊन आत यायचं नाही, असा नियम आहे आमचा. तीन दिवसांनी या."

अकरा वर्षं ज्या किरणांच्या नावाने बोटं मोडली, तेच किरण बाबा स्वतःच्या दंडात घालून घेऊन आले होते. त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. मुलीचा मात्र पडला.

"चला बाबा, गाडीवर सोडते."

"गाडी गेली खड्ड्यात!" बाबा गरजले. "मला नको म्हणतात? नको मी म्हणायचं, यांनी नाही! आत गेल्याशिवाय इथून हलत नाही मी!"

"पण तीन दिवस राहणार कुठे?" मुलीने श्वास रोखून विचारलं.

बाबांनी फोन काढून आईला लावला.

"हे बघ, इथं मोठा लढा उभा राहिलाय. पोरीच्या पत्त्यावर माझे कपडे आणि गोळ्या पाठव. उशीही पाठव. काय सांगावं, लढा लांबायचा."