राजा गेला की वाडगा

घरात कुणाचं ऑपरेशन ठरावं तशी तयारी चालली होती. रविवारी सूनबाई खेळायला बसणार होती.

व्हिडिओ गेम असला तरी कुणी हसत नव्हतं. अख्खा खेळ एका बैठकीत, जगात सगळ्यांत कमी वेळात संपवायचा. सकाळी बसलं की संध्याकाळ होणार, आणि घड्याळ मध्ये कशासाठीही थांबणार नाही. आता एकच खेळाडू तिच्या पुढे उरला होता. ऑफिस सांभाळून दोन वर्षं ती त्याच्या मागावर होती.

अडचण होती जेवणाची. खेळात एकच प्रसंग टाळता येत नसे, आणि तेव्हा हातांना काम नसे. म्हातारा राजा मरतो, तो. तेवढ्यात जेवून घ्यायचं. नवऱ्याने कामं वाटली. दाराच्या बेलची तार स्वतः काढली, कुकरच्या शिट्टीला बंदी केली आणि वडिलांना बजावलं, "बाबा, राजा गेला की वाडगा."

सासऱ्यांचा जन्म ग्रंथालयात गेलेला. आठवडाभराच्या तालमीत राजा आचके देऊ लागला, की ते भाताचा वाडगा घेऊन हजर असत. मात्र राजाचं बोलणं पुरं व्हायच्या आत वाडगा तिच्या हातात देऊन त्यांना परतावं लागे. गोष्ट अशी अर्ध्यावर सोडायची त्यांना सवय नव्हती. शेवटी सूनबाई ऑफिसला गेली की ते स्वतःच खेळायला बसू लागले. प्रत्येक गावकऱ्याची चौकशी करत, प्रत्येक पाटी वाचत. शनिवारपर्यंत ते कसेबसे राजवाड्याच्या दारात पोचले. पुरात वाहून आलेल्या नायकाला याच राजाने पोटच्या पोरासारखं वाढवलं, हे त्यांना तोवर कळलं होतं.

रविवारी राजा अंथरुणाला खिळला. सासरे वाडगा घेऊन आले आणि खुर्चीत बसले.

"बाबा, वाडगा," सूनबाई हलकेच म्हणाली.

"थांब गं जरा. माणूस जातोय."

माणूस गेला. सासरे छातीशी हात धरून ओणवे झाले, खांदे हलू लागले. वाडगा मांडीवरच राहिला. दारातून डोकावलेल्या मुलाला जे वाटायचं तेच वाटलं, आणि त्याने खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरांना फोन केला. डॉक्टर धावत आले. बेल वाजेना, म्हणून त्यांनी दारावर दणादण मुठी मारल्या. सूनबाई उपाशीपोटी पुढे निघाली होती, ती दचकली आणि तिचा नायक पुलावरून नदीत पडला.

डॉक्टरांनी नाडी पाहिली. "काय होतंय, काका?"

"राजा गेला हो."

डॉक्टर मुलाकडे वळले. "घरातलेच होते का?"

सूनबाईने उठून खेळ बंद केला.

संध्याकाळी जेवताना ती म्हणाली, "बाबा, इतकं काय मनाला लावून घेतलंत? पडद्यावरचा राजा तो."

"जाताना तो काय म्हणाला, सांग बघू."

सूनबाईला सांगता येईना. राजा बोलायला लागला, की तिचं डोकं वाडग्यात असे.

"मग मीही नाही सांगणार," सासरे म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपला खेळ पुढे चालू केला.

पुढच्या रविवारी सूनबाई पुन्हा बसणार होती. मुलाने बाबांना जिन्यावर पहारा द्यायला सांगून पाहिलं, पण सूनबाई म्हणाली, वाडगा त्यांच्याकडेच राहू दे. राजाने डोळे मिटायच्या आधी वाडगा तिच्यापुढे आला. तिने तो घेतला नाही. ती ऐकत होती. राजाने हात नायकाच्या डोक्यावर ठेवला आणि विचारलं, "जेवलास का रे?"

सूनबाईचे डोळे भरून आले. हात होते तिथेच राहिले.

सासऱ्यांनी चमचा तिच्या तोंडाशी नेला. "घे. तोही तेच म्हणतोय."

ती एकेक घास घेत, रडत राजाकडे बघत राहिली. राजा गेला तेव्हा तिचे हात खेळावरच होते. एरवी वाडगा खाली ठेवण्यात जो वेळ जाई, तो त्या दिवशी गेला नाही, आणि संध्याकाळी तेवढ्याच फरकाने ती पहिली आली.

दुसऱ्या नंबरावर गेलेल्या खेळाडूने अभिनंदन केलं आणि विचारलं, राजाच्या प्रसंगानंतर तुम्ही इतक्या लवकर कशा निघालात? मी कितीतरी वर्षं तिथे वेळ वाचवायची युक्ती शोधतोय.

सूनबाईने बराच विचार केला आणि खरं तेच लिहिलं. "सासरे भरवतात."