आधी माझं डोकं करून दाखवा

भावाच्या डोक्याला परक्या माणसाचा हात लागणार, हे कळल्यापासून दादांचं कशातच लक्ष लागेना.

दोघा भावांचं केस कापायचं दुकान एकच, आरसा एकच, खुर्च्या दोन. धाकट्याचा हात पूर्वी असा होता, की गिऱ्हाईक दादांची रिकामी खुर्ची ओलांडून त्याच्यासाठी बाकावर ताटकळत बसायचं. मग त्या हाताला कंप सुटला. दुखणं मेंदूतलं. हात मांडीवर ठेवला की शहाण्यासारखा पडून राहायचा, आणि कात्री उचलली की थरथरायला लागायचा. एका शिक्षकांची मिशी सारखी करता करता दोन्ही बाजूंनी इतकी आत आली, की शेवटी नाकाखाली माशी बसल्यासारखी दिसू लागली. त्या दिवशी धाकट्याने कात्री खाली ठेवली आणि तो गल्ल्यावर जाऊन बसला. सगळी गिऱ्हाइकं दादांकडे आली. दादांना भावाचं वाईट वाटलं, अगदी मनापासून वाटलं. फक्त झोप मात्र छान लागायला लागली.

आता गोळ्यांचा उपयोग होईनासा झाला होता आणि डॉक्टर मेंदूत बारीक तार बसवून तो कंप थांबवणार होते. म्हणजे हात पुन्हा पूर्वीसारखा. म्हणजे दादांची खुर्ची पुन्हा रिकामी. असं मनात आलं की दादा स्वतःलाच रागवायचे, आणि रागवून होतंय तोवर पुन्हा तेच मनात यायचं.

दुकानात दुसरा विषयच उरला नव्हता. गिऱ्हाइकाची मान दादांच्या हातात आणि कान धाकट्याकडे.

"ऑपरेशन चालू असताना जागं राहायचं म्हणे," धाकटा सांगायचा. "डॉक्टर आपल्याशी गप्पा मारतात. मधूनमधून हात उचलून दाखवायचा. कंप थांबला की तार बरोबर बसली."

"वा! डॉक्टरांशी गप्पा! मजा आहे तुमची!"

"माझं अपेंडिक्स काढलं तेव्हा मला कुणी नावसुद्धा विचारलं नाही," दादा म्हणायचे. "मान खाली घ्या."

त्यात इस्पितळातून सूचना आली. केस घरी काढू नका, वस्तऱ्याचा ओरखडा उठला तर ऑपरेशन पुढे जाईल, आमचा माणूस मशीनने काढेल.

"ओरखडा? माझ्या हातून?" दादा कडाडले. "जन्मापासून हे डोकं मी सांभाळलंय!"

"अरे दादा, सगळ्यांनाच सांगतात तसं."

"मी सगळ्यांपैकी आहे का?"

ऑपरेशनच्या दिवशी इस्पितळात धाकट्याला औषधी साबण देऊन आंघोळीला पाठवलं. तेवढ्यात मशीन घेऊन तो माणूस आला. दादा वाटच बघत होते.

"भावाच्या डोक्याला मागे एक खळगा आहे. झोक्यावरून पडला होता लहानपणी. तिथे जपून."

"काका, मी रोज डोकीच करतो."

"बटाटे सोलणं वेगळं आणि डोकं करणं वेगळं. आधी माझं डोकं करून दाखवा."

"बसा!" तोही इरेला पेटला.

दादांना वाटलं होतं, कानामागे जरासं दाखवेल आणि थांबेल. पण मशीन कपाळापासून थेट मानेपर्यंत गेली, आणि मधोमध असा रस्ता पडल्यावर दोन्ही काठांचे केस ठेवून तरी काय करायचं? काम इतकं स्वच्छ झालं, की खोट काढायला जागाच नव्हती. दादांना सगळ्यात जास्त तेच लागलं.

"ठीक आहे," ते म्हणाले. "पण हात जड आहे तुमचा."

"मग भावाचं तुम्हीच करा!" मशीन टेबलावर आदळून तो तरातरा निघून गेला.

दादा गुळगुळीत डोकं चाचपत पलंगावर बसले. तोच नुकतीच ड्यूटीवर आलेली नवी सिस्टर आत आली.

"झाले केस? छान. पाय वर घ्या काका. उशी देऊ?"

इतक्या दिवसांत दादांना पहिल्यांदाच कुणी उशी देत होतं. खरं काय ते दोन मिनिटांनी सांगू, असं ठरवून त्यांनी पाय वर घेतले.

"घाबरायचं नाही हं. किती वर्षांपासून त्रास आहे?"

"लहानपणापासून," दादा म्हणाले. "धाकटा झाल्यापासून."

"मनगटावरचा नावाचा पट्टा कुठे गेला तुमचा? थांबा, नवीन मागवते. हा पेला धरा बघू. किती हात थरथरतो, ते डॉक्टरांना दाखवायचंय."

आता मात्र दादांना खरोखर घाम फुटला. पेला असा थरथरला, की निम्मं पाणी त्यांच्या अंगावर आणि निम्मं सिस्टरच्या.

"अगं बाई! फारच वाढलंय हो हे!"

दारातून डॉक्टर आत आले. "हे कोण?"

"आपले पेशंट, सर."

"आपले पेशंट त्या बाथरूमच्या दारात उभे आहेत. केसांसकट."

सगळ्यांनी वळून पाहिलं. टॉवेल गुंडाळलेला धाकटा डोळे फाडून दादांच्या टकलाकडे बघत होता.

"केस काढणारा कुठे गेला?" डॉक्टरांनी विचारलं.

"रागावला," दादा खाली बघत म्हणाले.

"आत न्यायची वेळ झालीय! काका, ही मशीन येते तुम्हाला?"

दादा उठले. सिस्टरने त्यांचे हात धुऊन घेतले, मशीनचं पातं बदललं आणि ती शेजारी पहाऱ्याला उभी राहिली. डोक्याला हात लागताच दादांच्या हाताची थरथर थांबली. खळग्यापाशी त्यांनी मशीन इतकी हळू फिरवली, की डॉक्टरांनी दोनदा घड्याळ पाहिलं.

"दादा, तू कशाला रे टक्कल केलंस?"

"तुला एकट्याला कसंतरी वाटू नये म्हणून."

सिस्टर ओला गणवेश झटकत खोकली.

"घोटाळा केलास," धाकटा म्हणाला. "हात थांबला की पहिले केस तुझे कापायचे, असं ठरवलं होतं मी. तोवर दुसऱ्या कुणाच्या डोक्याला कात्री लावायची नाही."

"आणि गिऱ्हाइकं?"

"तू आहेस ना. तुझे केस वाढेपर्यंत सगळी तुझीच."

दादांना खरं तर हेच हवं होतं. त्यांनी भावाच्या मानेवरचे केस फुंकून उडवले, खांद्यावरचा टॉवेल नीट केला आणि तसेच उभे राहिले. ढकलगाडी आली, धाकटा तिच्यावर आडवा झाला, आणि गाडी दाराबाहेर निघाली. तशी दादांनी सिस्टरला हळूच गाठलं.

"काय हो, केस लवकर वाढायचं एखादं औषध असतं का तुमच्याकडे?"