दुपारी दोनचा भैरव

सुभेदार जोतीराम यांचा नंबर लागला तेव्हा दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं झाली होती, आणि सगळा घोटाळा तिथूनच सुरू झाला.

सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका कॉलेजात बी. ए. संगीताच्या शेवटच्या वर्षाची प्रात्यक्षिक परीक्षा चालू होती. सकाळी नऊ वाजता सगळ्या मुलांनी वाडग्यातून चिठ्ठ्या उचलल्या होत्या. ज्याच्या चिठ्ठीत जो राग, तो त्याने गायचा. जोतीरामांना भैरव आला. अठ्ठावीस वर्षं फौजेत काढून, रहिमतपूरचा ऊस भावाच्या हवाली करून, पंचावन्नाव्या वर्षी गाणं शिकायला आलेला हा विद्यार्थी यादीत शेवटचा होता. तबलजींची गाडी तासभर उशिरा आली, मग चहा झाला, मग जेवणं झाली, आणि भैरवाची सकाळ केव्हाच टळून गेली.

मागच्या बाकावर डबा मांडीवर घेऊन त्यांच्या पत्नी मनुबाई बसल्या होत्या. सांगलीत खोली घेऊन शिकायला त्यांनी नवऱ्याला तीन वर्षं दिली होती. चौथं मिळणार नव्हतं. आज पास झाले तर पदवी, नाहीतर पेटी माळ्यावर आणि सुभेदार बांधावर.

"बसा. भैरव," बाहेरून आलेल्या परीक्षक दीपमाला मॅडम घड्याळाकडे बघत म्हणाल्या. पुतणीच्या साखरपुड्याला त्यांना सातपर्यंत शिरवळ गाठायचं होतं, म्हणजे साडेतीनला निघणं भाग होतं.

जोतीराम बसले नाहीत. सावधान उभे राहिले.

"मॅडम, दोन वाजून धा मिन्टं झाली."

"मग?"

"भैरव सकाळचा हाय."

मॅडम हसल्या. त्यांना वाटलं, म्हातारा गंमत करतोय. "परीक्षेत वेळ बघत नाहीत हो. म्हणा तुम्ही."

"रागाचा टायम ह्याच्यावर लेखी पेपरात वीस मार्कांचा प्रश्न हुता. मला सतरा पडले. ल्हिताना एक आन् गाताना दुसरं, असं न्हाई जमायचं."

विभागप्रमुख उदयसिंह सर मध्ये पडले. तीन वर्षं त्यांनीच जोतीरामांना शिकवलं होतं. हा माणूस एकदा अडला की अडला, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

"सुभेदार, मग भीमपलास म्हणा. दुपारचाच आहे, तुमचा तयारही आहे."

"चिठ्ठी भैरवाची निघालीया सर. चिठ्ठी बदलणं म्हंजे कॉपी."

"मग भैरवच म्हणा की!"

"दुपारी कसा म्हणू?"

सर खुर्चीत बसले आणि त्यांनी कपाळाला हात लावला.

"आवं," मागून मनुबाई म्हणाल्या, "गावाकडं आला की रोज दुपारी हिरीवरच्या मोटारीपाशी बसून ह्योच तर म्हणता."

"त्यो सराव. सराव कवाबी चालतो. परेड टायमावरच हुती."

हे सगळं दारातून रविराज ऐकत होता. त्याने सकाळी दहाला यमन गायला होता आणि अर्ध्या वाटेत अंतराच विसरला होता. नापास होणार हे धरून तो घरी निघाला होता, तो आता तरातरा आत आला.

"सर, यमन संध्याकाळचा. म्हणजे माझी परीक्षा चुकीच्या वेळेला झाली. संध्याकाळी परत घ्या."

"अंतरा विसरलास तो वेळेमुळं काय रे?"

"सर, शास्त्र सांगतं, वेळ चुकली की रस बिघडतो."

तीन वर्षांत रविराजने शास्त्राचं नाव पहिल्यांदाच काढलं होतं. त्याच्यामागून सोनिया आली. तिच्या मालकंसातल्या ताना सकाळी साडेअकराला घसरल्या होत्या, तेव्हा तिला रात्रीची वेळ हवी होती. पाच मिनिटांत ज्याचं ज्याचं गाणं पडलं होतं, त्या प्रत्येकाची शास्त्रावर श्रद्धा बसली. ज्यांचं चांगलं झालं होतं ते म्हणाले की परत घ्याल तर याद राखा.

सरांनी घाईघाईने विद्यापीठात फोन लावला. पलीकडच्या माणसाने शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं, "लेखी अर्ज द्या." सरांची चूक एवढीच झाली, की फोन स्पीकरवर होता. रविराजने वहीचं पान टरकावलं.

"अर्ज गेला तर अख्खी परीक्षा रद्द होईल," सर मॅडमच्या कानाशी पुटपुटले.

मॅडमचा आता संयम सुटला. "सुभेदार, पावणेतीनच्या आत गायला बसला नाहीत तर मी गैरहजर लिहीन."

"ल्हा," जोतीराम म्हणाले. पण आवाज पहिल्यासारखा नव्हता.

पदवी त्यांना हवी होती. फार हवी होती. बराकीत रेडिओवर गाणं लागायचं, हातातलं काम सोडून ते ऐकत राहायचे, आणि हे जे काय चाललंय त्याचं नाव काय, हे विचारायला शेजारी कुणी नसायचं. त्या नावांसाठी ते लेकाच्या वयाच्या पोरांत येऊन बसले होते. ते सगळं आता हातचं चाललेलं त्यांना दिसत होतं, आणि तरी दुपारी भैरव गायला जीभ रेटत नव्हती.

मनुबाईंनी डबा बाजूला ठेवला. पाण्याचा तांब्या घेऊन त्या मॅडमपाशी गेल्या आणि वाकून हळूच म्हणाल्या, "गा म्हणू नगा. पटत न्हाई, येवढंच म्हणा. मी तीस वरसं तेच करतीया."

मॅडम पाणी प्यायल्या. मग खुर्चीला टेकून म्हणाल्या, "दुपारी भैरव वाईट लागतो हे काही मला पटत नाही."

"शास्त्रात हाय, मॅडम."

"पुस्तकात काय, काहीही असतं. माझ्या कानाला पटलं पाहिजे."

जोतीराम पुढे आले. मग त्यांनी मांडी घातली आणि तानपुरा जवळ ओढला. "ह्यो बघा कोमल रिषभ. पहाटं ह्यो कसा अंगावर येतो? आन् आता बघा." त्यांनी रिषभ लावला, त्याला हळूच झोका दिला.

"मला तर बरा वाटला," मॅडम म्हणाल्या.

"आं? थांबा, धैवत दावतो. त्यात कळंल."

धैवत दाखवला. मॅडमनी नुसती मान हलवली. मग आलाप झाला. "आलापात काय कळणार?" असं मॅडम म्हणाल्यावर जोतीराम तबलजींकडे वळले. "विलंबित धरा वो. बिनठेक्याचं ह्यास्नी पटायचं न्हाई." बडा ख्याल झाला. छोटा ख्याल झाला. मॅडमची मान नकारात हलत होती आणि पेन्सिल गुणपत्रिकेवर चालत होती. "तानांत तरी बिघडतो का?" त्यांनी विचारलं. "बिघडतो म्हंजे? ऐकाच," म्हणून सुभेदारांनी अशा काही ताना घेतल्या, की उदयसिंह सर कपाळावरचा हात काढून सरळ बसले. इतकं मोकळं सुभेदार तीन वर्षांत गायले नव्हते. पास व्हायचं सोडून ते फक्त भांडत होते.

दारात पोरं गप उभी होती. रविराजने हातातला अर्ज पाहिला आणि घडी घालून खिशात ठेवला. "जाऊ दे," तो सोनियाला म्हणाला, "अंतराच विसरलो होतो मी."

तीन पंचवीसला समेवर येऊन जोतीराम थांबले. "आता तरी पटलं?"

"पटलं," मॅडमनी सही ठोकली आणि पर्स उचलली. "उत्तम गायलात. पास."

"मॅडम, थांबा. ती परीक्षा नव्हती, ती हरकत हुती!"

पण मॅडमची गाडी शिरवळच्या रस्त्याला लागली होती. सरांनी गुणपत्रिका पाकिटात घालून लाख लावली आणि खोलीतून काढता पाय घेतला. सुभेदार तानपुऱ्याशेजारी तसेच बसून राहिले. फसवणूक झाली हे त्यांना कळत होतं, पण तक्रार कुणाकडे करावी ते कळत नव्हतं.

शेवटी ते मागच्या बाकाकडे वळले.

"आगं, तू खरं सांग. दुपारचा भैरव वाईटच लागला न्हवं?"

मनुबाईंनी पदराने दोन्ही डोळे पुसले.

"लयच वाईट," त्या म्हणाल्या.

"मग? मी तेच सांगत हुतो," जोतीराम समाधानाने म्हणाले, आणि त्यांनी जेवायला डबा उघडला.