बाप्तिस्म्याच्या तीन चिठ्ठ्या

हॅनाची मुलगी तीन आठवड्यांची झाली तरी तिला नाव नव्हतं. म्हणजे होतं, पण उच्चारायची सोय नव्हती. बाप्तिस्म्याआधी बाळाचं नाव तोंडातून काढलं की बाळाला बाधतं, हे यॉर्कशायरमधल्या त्या गावात शेंबडं पोरही सांगेल. शिवाय बाळंतिणीने चर्चमध्ये आभाराची प्रार्थना केल्याशिवाय इकडेतिकडे हिंडायचं नाही. तेव्हा रविवारी बाळाला न्यायचं धर्ममातेने आणि नाव सांगायचंही तिनेच.

धर्ममाता होती शेजारची डॉर्कस. ती लोकांचे कपडे धुऊन पोट भरायची. बाळंतपणात हॅना तापाने फणफणली, डॉक्टरने हात टेकले, तेव्हा या बाईने आपलं धुणं नऊ दिवस बंद ठेवलं आणि चमच्याचमच्याने दूध पाजून हॅनाला माघारी आणली. राणीच्या राज्याला पन्नास वर्षं होत होती, त्यामुळे गल्लीत दर तिसऱ्या पाळण्यात एक व्हिक्टोरिया होती. पण हॅनाने मनाशी ठरवलं होतं, मुलीचं नाव डॉर्कसच. बायबलातली डॉर्कस विधवांना कपडे शिवून द्यायची. त्या नावाचा अर्थ म्हणे हरिणी. शेजारची हरिणी जिना चढू लागली की जिना कण्हत असे, पण ते असो.

डॉर्कसला वाचता येत नव्हतं. हॅनाने नाव चिठ्ठीवर लिहून तिच्या हातात दिलं.

"पाद्रीसाहेब वाचतील मावशी, ते सांगतील तसं तू मोठ्याने म्हण."

सासूबाईंनी हे पाहिलं. त्यांना बायबलातल्या जोबच्या मुलीचं नाव हवं होतं, केझाया. त्यांनी जिन्यातच डॉर्कसच्या मुठीत दुसरी चिठ्ठी कोंबली. दारात हॅनाचा नवरा ईनॉक. त्याच्या वडिलांनी क्रिमियात आल्मा नदीच्या लढाईत एक पाय गमावला होता आणि तेव्हापासून घरोघर आल्मा जन्मत होत्या. हा चांभार. हाताला लागेल त्या कागदावर त्याने 'आल्मा' खरडलं आणि तोही तिला दिला.

चर्चमध्ये आणखी तीन बाळं टाहो फोडत होती. पाद्रीसाहेब म्हणाले, "या बालकाचं नाव सांगा."

डॉर्कसने तिन्ही चिठ्ठ्या पुढे केल्या. पाद्रीसाहेबांनी सगळ्यात वरची हळूच वाचली.

"केझाया," डॉर्कस गरजली. सासूबाई बाकावर ताठ झाल्या.

पुढची, ईनॉकची चिठ्ठी पाद्रीसाहेबांनी उलट्या बाजूने वाचली. तिथे मिस युफेमिया क्रॅबट्रीच्या डाव्या बुटाची टाच मोडल्याची नोंद होती.

"युफेमिया," डॉर्कस म्हणाली. तिसऱ्या बाकावरच्या मिस क्रॅबट्रीने डोळ्यांना रुमाल लावला. आता गिऱ्हाइकासमोर ईनॉक कुठल्या तोंडाने हरकत घेणार?

पाद्रीसाहेबांनी तिसरी वाचली. डॉर्कसने मान हलवली.

"ती सोडा साहेब. ते माझं नाव. बोचकं कुणाच्या हाती पाठवलं, त्याची चिठ्ठी लावतात ना, तशी लावली असेल हॅनाने."

मागची बाळं थांबायला तयार नव्हती. पाद्रीसाहेबांनी पाणी घातलं आणि मुलगी केझाया युफेमिया झाली.

घरी हॅना खुर्चीत वाट पाहत होती. नावं ऐकून तिचा चेहरा उतरला.

"अगं, पण तिसरी चिठ्ठी?"

"ती माझीच होती की."

"मावशी, तेच नाव ठेवायचं होतं. तू नसतीस तर आज हिला आई नसती. तुझे उपकार कसे फेडू? निदान नाव तरी—" एकदा घातलेलं पाणी काही परत काढता येत नाही.

"माझं नाव? मला कसं कळणार गं? आजवर माझं नाव धुण्याच्या चिठ्ठीखेरीज कुणी कशावर लिहिलं नाही." डॉर्कसने पदरासारखा एप्रन तोंडाला लावला.

ईनॉक बुटाकडे पाहत राहिला. बाळ पाळण्यात कुरकुरू लागलं. सासूबाईंची तर नातसुनेच्या सुनेलाही सांगता यावी अशी ही जीत होती. त्यांनी पाळण्यात वाकून पाहिलं, मग हॅनाकडे. नऊ दिवस त्यांनीही त्या खाटेशेजारी काढले होते.

"डॉर्कस रडतेय," त्या म्हणाल्या. "कुणीतरी घ्या तिला."

डॉर्कसने घाईघाईने डोळे पुसले. "मी कुठे रडतेय?"

"तू नव्हे गं," सासूबाई म्हणाल्या, "धाकटी."