बोरस्त्यांची विरळणी

फेब्रुवारीतला शुक्रवार, सकाळचे आठ. जमा बारा दिनार. चार फ्लॅटचे प्रत्येकी तीन. हजर: मी, आमच्या इमारतीचा इजिप्शियन रखवालदार म्हणजे हारिस, आणि हातात करवत घेतलेले बोरस्ते. काम: इमारतीपुढच्या नऊ पाइनपैकी चार काढून टाकणे.

वाळू अडावी म्हणून मालकाने ती रोपं हातभर अंतरावर लावली होती. छातीइतकी वाढली आणि थांबली. बाहेरून हिरवी, आत सगळ्या सुया तपकिरी. इथं आखातात, महबूल्यातली आमची अख्खी इमारत रोज त्यांच्यासमोर गाड्या लावते. त्रास फक्त बोरस्त्यांना झाला.

बोरस्ते मीना अब्दुल्लाला रिफायनरीत इंजिनिअर. मूळचे निफाडकडचे, द्राक्षवाले. बायको-मुलं नाशकात, इथं एकटेच. घडातले जादा मणी काढले की उरलेले फुगतात, हे त्यांनी लहानपणी पाहिलं आणि पुढे दिसेल त्या गोष्टीला लावलं. "दाटी नको" हे त्यांचं पालुपद. आमच्याकडे पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा बसायच्या आधीच फुलदाणीतली निम्मी फुलं उपसून त्यांनी हिच्या हातात दिली. "आता बघा वहिनी, उरलेली जास्त टिकतील."

फुलं प्लास्टिकची होती.

एका वर्षी गणपतीचा व्हॉट्सॲप ग्रुप त्यांच्याकडे सोपवला, तर सकाळपर्यंत निम्मे लोक बाहेर. "नुसतं गुड मॉर्निंग टाकतात हो नेने. फुकट जागा खातात." वर्गणी देणारे बहुतेक त्यांच्यातच होते. मला घरोघर जाऊन समजूत काढावी लागली.

विरळणी झाली की खत, हा त्यांचा दुसरा नियम. वफ्राच्या शेतावरून लेंडीखताची दोन पोती आणली आणि लिफ्टने वर नेऊन स्वतःच्या हॉलमध्ये ठेवली. खाली ठेवलं तर ऊन लागेल, म्हणे. आठवडाभर आमची ही सहा मजले जिन्याने चढत होती.

तर त्या शुक्रवारी पहिली तीन झाडं झटपट आडवी झाली. हारिस प्रत्येक वेळी "हराम, मिस्टर, हराम!" असं हळहळत होता. बोरस्ते ऐकत नव्हते. चौथं झाड कोपऱ्यातलं, सगळ्यांत बारीक, उजेडासाठी मान तिरकी केलेलं. बोरस्त्यांनी बुंध्याला करवत लावली आणि तशीच ठेवली.

"काय झालं?" मी विचारलं.

"हे मुळासकट काढू. ऑफिसमागे मोकळी जागा आहे, तिथं लावतो."

"अहो, नियम तुमचाच ना? कमजोर असेल ते जायला हवं."

"जायला हवं म्हटलं होतं. मरायला हवं असं कुठं म्हटलं?"

"पण पाइनला हलवलेलं मानवत नाही, हेही तुम्हीच सांगितलंत."

बोरस्ते गुडघ्यांवर बसले, खुरप्याने माती उकरू लागले. वर न बघता म्हणाले, "आम्ही पाच भाऊ. बाग तीन एकर. चौथीत होतो तेव्हा वडील मला मामाकडे ठेवून आले. सगळ्यांत बारीक मीच होतो."

"मग?"

"मग काय, बाग छान झाली. चौघांचंही छान झालं."

हारिसला मराठी येत नाही, पण तो फावडं घेऊन आला आणि न सांगता दुसऱ्या बाजूने खणायला लागला. मुळांभोवतीचा मातीचा गोळा फुटू नये म्हणून बोरस्त्यांनी वर जाऊन स्वतःच्या पलंगावरची चादर आणली. ओली करून गच्च बांधली. मग उरलेल्या पाच झाडांना खत घातलं, पाणी दिलं. पाचांच्या मध्ये आता पहिल्यांदाच माणूस उभा राहील एवढी जागा दिसत होती, पण बोरस्त्यांचं लक्ष झाड न्यायला बोलावलेल्या पिकअपकडे होतं. चादरीतलं झाड मागे चढवताना त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही.

हिशेब असा: खत पाच दिनार, करवत तीन. पिकअपवाल्याने मीना अब्दुल्लाचे तीन सांगितले, बोरस्त्यांनी मला चार द्यायला लावले.

"वरचा एक कशाचा लिहू?" मी विचारलं.

ते तोवर मागे, झाडाला धरून बसले होते. "हळू चालवायचा," म्हणाले.

पिकअपवाल्याला चार दिले. शिल्लक शून्य.