मगर आढळून आली नाही

तर बाळांनो, एका जंगलात पाणवठा एकच होता आणि मगरही एकच. मगरबाई सिंहमहाराजांच्या खास मर्जीतल्या. म्हणूनच पाणी सुरक्षित आहे की नाही हे ठरवायला महाराजांनी रीतसर कायदा करून एक मंडळ नेमलं होतं. मंडळ कोणाचंही ऐकणार नाही, असं कायद्यातच लिहिलं होतं. अध्यक्ष कासवराव.

कुरंगी हरिणीला नुकतंच पहिलं पाडस झालं होतं. ती शिकलेली होती, म्हणजे काळजी करायची कारणं तिला इतरांपेक्षा जास्त ठाऊक होती. पाण्यात मगरीचे डोळे दिसले, तशी ती पाडसाला तहानलेलंच ठेवून तडक मंडळात गेली.

"साहेब, पाण्यात मगर आहे. तुम्हाला नाही दिसली?"

"दिसते की रोज," कासवराव म्हणाले. "पण ताई, दिसणं वेगळं आणि आढळून येणं वेगळं. अहवालात ती आढळून आलेली नाही."

"मग आढळवा ना."

"वरून कळवलं की लगेच."

कुरंगी वर गेली. महाराज पंजा चाटत होते.

"मंडळ स्वायत्त आहे, पोरी. मी त्यात तोंड घालणं बरं दिसेल का?"

परतताना तिला वाटलं, आपणच जरा अती करतो का? बाकीच्या आया पाजतातच की तिथलं पाणी. भेकरीचं पिल्लू काल परत आलं नाही, पण अहवालात तेही आढळून आलेलं नव्हतं.

पाडसाची जीभ कोरडी पडली होती. शेवटी तिनं सुक्या ओढ्याच्या वाळूत खुरांनी झिरा उकरला. पाणी हळूहळू पाझरू लागलं. ते साचेपर्यंत चार आया आपापली पिल्लं घेऊन येऊन बसल्या.

तासाभरात मंडळ हजर. कासवरावांना एवढं पळताना जंगलानं कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी जागेवरच आदेश काढला: विनापरवाना झिऱ्यात गाळ आढळून आला आहे. झिरा उद्यापासून बंद. सर्वांनी सुरक्षित पाणवठ्यावरच जावे.

"वर विचारलंत?" कुरंगी म्हणाली.

कासवराव दुखावले. "वर कशाला विचारायचं? आम्ही स्वायत्त आहोत."

तिनं आदेश दोनदा वाचला. मग पाडसाला पुढं ढकललं.

"पोटभर पी, सोन्या. आदेश उद्यापासून आहे. आणि ओढा चांगला लांबलचक आहे, उद्या पुढं उकरू."

तात्पर्य, मोठं झाल्यावर उपयोगी पडेल असं: मंडळ झोपलंय असं कधी समजू नये. ते फक्त आपण काहीतरी बरं करायची वाट बघत असतं.